हवालदाराची ऊब

“सरड्याला थंडी वाजती का ओ?”

विचारलं बाई एकदाचं! तेही शिवाजी पेठेत, भर दुकानात, थेट गौसला. मागं कोपऱ्यावर मल्लव्वा आणि आमच्या वर्गातल्या पोरी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच – “मेहमुदा, मंगळवार पेठेची खरी असशील तर त्यांच्या गोलकीपरला हे विचारून दाखव!”

गौस त्याच्या अब्बांच्या दुकानात पत्र्याच्या पेटीचं झाकण ठोकत बसला होता. हातोडी हवेतच थांबली.

“कुठल्या पेठेचा सरडा?”

“मंगळवार.”

“मग वाजणारच की! रविवारच्या फुटबॉल मॅचच्या नुसत्या विचारानं.”

असा हसला… की मी फणकाऱ्यानं निघूनच जायला हवं होतं. पण पैज थट्टेची असली तरी प्रश्न खरा होता ना! माझा हवालदार खरंच गारठला होता.

हवालदार म्हणजे आमच्या परड्यातला सरडा. गळा फुगवला की दाढी फुटल्यासारखा दिसतो, आणि मान वरखाली करून सगळ्यांना दटावतो, म्हणून हवालदार. मांजरानं त्याचा मागचा पाय चावला, तेव्हापासून चहाच्या लाकडी खोक्यात मी त्याला सांभाळतेय. पण थंडी पडली आणि त्यानं खाणंच सोडलं. डोळे मिटून नुसता पडलेला. माझे अब्बा म्हणाले, “असं कुजत ठेवू नगंस. रविवारपर्यंत खाल्लं न्हाई तर परड्यात सोडून दे.” लंगडा, उपाशी, वर मांजर टपलेलं… सोडायचं म्हणजे मारायचंच की!

हे सगळं मी एका दमात सांगितलं. गौस हसायचा थांबला. गालावर पत्र्याची काळी रेघ, आणि डोळे मात्र एकदम शहाणे.

“घेऊन ये त्याला,” तो म्हणाला. “बघू.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आणि मल्लव्वानं खोकं दुकानात नेलं. पोचायच्या आधीच गौसनं शेगडी पेटवलेली.

“खोक्यात शेगडी? धुरानं मरंल तो!” मी ओरडले.

“शेगडी न्हाई गं, वीट! वीट तापवायची, पोत्यात गुंडाळायची, खाली सारायची. झालं!” त्यानं विटेवर तळहात ठेवला. “बघ, कोमट हाय.”

हवालदार हळूहळू सरकला आणि विटेवर पोट टेकून पसरला. किती सुखानं! मला इतका आनंद झाला, की मीही विटेला हात लावला –

“आई गं! ही कोमट?”

झटकन हवालदाराला उचललं. पोट चांगलंच तापलेलं, आणि हा शहाणा डोळे मिटून गप्प! उन्हाची ऊब पाठीवर येते, एवढंच ठाऊक त्याला. खालनं चटका बसतोय हे कळणार कुठनं?

गौस आपल्या तळहाताकडं बघत राहिला. पत्रा, सांध्यांना तापलेला डाग देणं आणि बॉल… सगळ्यांनी मिळून त्याची कातडी चपलेच्या तळव्यासारखी केली होती.

“थोडक्यात वाचला,” तो पुटपुटला. कान लालेलाल. “मला वाटलं, मला सोसतंय म्हणजे…”

“हात गोलसाठी ठेव,” मी म्हटलं. “ऊब मी बघते.”

अम्मा धाकट्याच्या अंघोळीचं पाणी मनगटाच्या आतल्या बाजूनं बघते. मी तसंच करायचं ठरवलं. ऊन वरनं येतं, म्हणून चाळीसचा बल्ब. त्यावर गौसनं पत्र्याची टोपी ठोकली. खोक्यावर जाळी बसवली आणि बल्ब जाळीच्या बाहेर, वरती, एकाच टोकाला टांगला – म्हणजे स्वारीला चिकटता यायचं नाही. खाली फांदी. फांदीवर माझं मनगट. बल्बची दोरी गौसच्या हातात.

“आता?”

“जरा वर.”

“आता?”

“अजून वर…”

“आता?”

मी मान वर केली. ऊब बरोबर झाली होती. आणि तो बल्बकडं बघतच नव्हता!

मल्लव्वा उगाचच खोकली.

“पण दुसरं टोक गार का ठेवलंस?” त्यानं घाईघाईनं विचारलं.

“त्याला नकोसं झालं तर सरकायला जागा नको? जवळ यायचं का लांब बसायचं, ते त्याचं त्यानं ठरवायचं.”

गौसनं दोरीला गाठ मारली. सोडली. परत मारली.

“आणि… तू? तू कुठल्या टोकाला?”

मी बसायचा पाट त्याच्या बाजूला सरकवला. चांगला हातभर!

“दिसत न्हाई व्हय तुला?” मी विचारलं.

गोलकीपर! पण तोंड असं झालं, जणू पायांमधनं गोल गेलाय.

मग खोकं घरी नेलं; रोज दिवसा बल्ब, रात्री बंद करून वर जुनी गोधडी. शनिवारी सकाळी हवालदार फांदीवर चढून बसला होता. मी नाकतोडा सोडला – आणि गट्टम्! वर मान हलवून आम्हालाच दटावलं!

अब्बा उकिडवे बसून बघत राहिले. बल्बच्या टोपीवर टिचकी मारली, जाळी चाचपली. “झकास काम हाय. कुठल्या कारागिराचं?”

तोवर मी मल्लव्वाच्या मामाकडं जाते असंच घरी सांगत आले होते. शिवाजी पेठेचं पाणीसुद्धा अब्बांना कडू लागतं, आणि त्यातनं हा तर तिथला गोलकीपर! अम्मा भाकरी थापायची थांबून माझ्याकडंच बघत होती.

मी हवालदाराकडं बघितलं. तो उबेच्या टोकाला बसला होता, ऐटीत, कुणालाही न विचारता.

“गौसचं, अब्बा. शिवाजी पेठेच्या गोलकीपरचं.”

अम्माच्या हातातली भाकरी परातीत पडली.

“आणि ऐका, उद्याच्या मॅचला मी येणार. त्याच्या गोलमागं बसणार. आपल्या पेठेनं गोल मारला तर टाळ्या वाजवीन. पण त्यानं अडवला… तर जास्त वाजवीन!”