उताणा फ्रिज

अविनाशने झाकण उचललं, आत डोकावला आणि दोन पावलं मागे सरकला.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या फ्रिजमधी किडे पडले हो."

वांग्याच्या कुंड्यांपाशी उकिडवी बसलेली पूनम मान वर न करता म्हणाली, "पडले नाई. पाळले."

ओळख झाली ती अशी. मे महिना होता, जळगाव जामोदचं ऊन सकाळीच अंगणात येऊन बसलं होतं, आणि एक अनोळखी तरुण खांद्याला पान्यांची पिशवी लावून तिच्या मागच्या दारी उभा होता. चूक त्याची एकट्याची नव्हती. शेजारच्या खुर्शीदा चाचींनी फोनवर त्याला "मागच्या अंगणातून ये, बेटा" एवढंच सांगितलं होतं. गल्लीला अंगणं दोन लागत होती, आणि त्यातल्या एकात विटांवर उताणा पाडलेला फ्रिज दिसत होता. फ्रिज दुरुस्त करणाऱ्या माणसाने दुसरं काय समजायचं?

"पण आडवा काऊन ठेवला?"

"त्यायले झोपाले बरं पडते."

तो हसला. हसायचं की नाही याची आधी खात्री करून घेतल्यासारखा, जरा उशिराच हसला. पूनमने तेव्हा कुठे वर पाहिलं.

भिंतीपलीकडून चाचींचा आवाज आला, "अरे बेटा, माहा फ्रिज इकडं हाये! तिथं त्या पोरीची सापाची पिल्लं हायेत!"

"गांडुळं, चाची!"

"हाव, हाव, तेच."

चार उन्हाळ्यांपूर्वी हा फ्रिज कायमचा बंद पडला, तेव्हा भंगारवाल्याने त्याची इतकी किरकोळ किंमत केली, की पूनम हट्टाला पेटली. तिने आतले कप्पे काढले, बुडाशी भोकं पाडून वर बारीक जाळी टाकली, वाळला पाला, अर्धवट कुजलेलं शेण, भाजीची सालं असे थर लावले आणि हिवरा आश्रमाकडच्या एका शेतकऱ्याकडून मूठभर गांडुळं आणून सोडली. ती शाळेत शिकवायची, पण मुलांपेक्षा गांडुळं जास्त ऐकतात असं तिचं मत होतं. दर काही महिन्यांनी त्या फ्रिजमधून चहापत्तीसारखं काळंभोर खत निघायचं. त्यावर तिची वांगी, तिचा मोगरा आणि चाचींचे गुलाब पोसले जात. चाचींना गांडुळांची किळस होती, खताची मुळीच नव्हती.

त्या मे महिन्यात चाचींचा फ्रिज जितका बिघडला, तितका तो आधीच्या दहा वर्षांत बिघडला नसेल. कधी दाराचं रबर, कधी थर्मोस्टॅट, कधी नुसताच 'आवाज ऐकून जातो'. आणि प्रत्येक वेळी अविनाशची वाट चुकायची.

"आज काय खाल्लं यायनं?" तो झाकण उचलून विचारायचा.

"कलिंगडाची सालं. कांदा चालत नाई, लिंबू चालत नाई, मिठातेलाचं तर नावच नको."

"पथ्यावर हायेत म्हणजे. माह्या मामासारखे."

"तुह्या मामानं खत देल्लं का कधी?"

"मामानं फक्त सल्ले देल्ले…"

ती हसायची आणि हसल्याचं दिसू नये म्हणून ओलं पोतं पुन्हा पुन्हा सारखं करायची. उन्हाने पेटी तापू नये म्हणून तो आपल्या दुकानातून बर्फ जमवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणायला लागला. त्या पोत्याखाली कोपऱ्याकोपऱ्यात ठेवायच्या, पाघळल्या की बदलायच्या. ती वाकली, की तिची वेणी पेटीत पडू नये म्हणून तो झाकण जरा जास्तच वर धरायचा. वेणीला मात्र त्याने कधी हात लावला नाही. हे पूनमच्या लक्षात आलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात आली होती, की तिसऱ्या खेपेपासून त्याने 'ताई' म्हणणं सोडलं होतं. पण 'ताई'च्या जागी त्याने दुसरं काहीच ठेवलं नव्हतं. तो तिला हाकच मारत नसे. समोर येऊन उभा राहायचा, ती बघेपर्यंत.

तिला तो आवडला होता. त्यात फार गुंतागुंतीचं काही नव्हतं.

गुंतागुंत पुण्याहून आली. नारायणराव, म्हणजे पूनमचे वडील, तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तिच्यासाठी स्थळं पाहत होते, आणि या वेळचं स्थळ खरोखर चांगलं निघालं. मुलगा फोनवर तिच्याशी नीट बोलला, तिचं बोलणं मध्येच तोडलं नाही, बढाया मारल्या नाहीत. नाही म्हणायला कारण सापडेना. तिकडून होकार आला. नारायणराव म्हणाले, "घाई नाई पोरी. पण पुढच्या रविवारी दुपारी फोन कराचा हाये मले. हाव का नाई, तेवढं सांगजो."

दुसऱ्या दिवशी अविनाश बाटल्या बदलत असताना तिने ते सांगून टाकलं. सांगताना ती पेटीतच बघत होती.

"पुण्याचं स्थळ आलं."

अविनाशने बाटली एका कोपऱ्यात खुपसली, काढली आणि पुन्हा त्याच कोपऱ्यात खुपसली. "चांगलं हाये?"

"चांगलं हाये. मी गांडुळांचं सांगितलं त्याले. म्हणे, सोसायटीत नाही चालणार, पण तुला हवं असेल तर खत ऑनलाइन मागवू."

"ऑनलाइन भेटते?"

"भेटते."

"अच्छा…"

बुडाच्या भोकांतून तपकिरी पाणी थेंब थेंब खालच्या घमेल्यात पडत होतं.

"पुढच्या रविवारी सांगाचं हाये मले," पूनम म्हणाली. हे वाक्य तिने मुद्दाम पुढे ठेवलं होतं, पाटापुढे ताट ठेवावं तसं.

अविनाश ते घमेलं बघत राहिला. "हे खालून गळून राह्यलं," तो म्हणाला.

"हाव. गळते ते."

त्याने पिशवीची चेन ओढली आणि तो निघाला. पूनमला त्याचा राग आला. त्याहून जास्त राग स्वतःचा आला, कारण तो फाटकाशी थांबेल म्हणून ती कान देऊन उभी राहिली होती.

त्याच आठवड्यात बीबी गावाला मामेबहिणीचं लग्न होतं. बापलेक चार दिवसांसाठी गेले. जाताना पूनमने अंगणाची किल्ली चाचींकडे ठेवली आणि अविनाशला फोनवर कोरडेपणाने सांगितलं, "बाटल्या बदलजो. सकाळ-संध्याकाळ पाणी मारजो. ऊन लय हाये."

"हाव," तो म्हणाला.

लग्नात तिला तीनजणींनी पुण्याबद्दल विचारलं. तिने तिघींनाही जिलेबी वाढली.

बुधवारी दुपारी ती परतली, अंगणाचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थबकली. फरशीवर गांडुळं होती. भिंतीवर, विटांवर, कुंड्यांच्या कडांवर. उन्हात निघालेली वाळून दोऱ्यासारखी झाली होती. तिने झाकण उचललं, तर आत काळं पाणी तुंबलेलं आणि जिवंत होती तेवढी सगळी झाकणाला लोंबलेली. तिने वाकून फ्रिजच्या बुडाशी हात घातला. एकेक भोक एम-सीलने बुजवलं होतं. काम इतकं सफाईदार होतं, की कोणी केलं हे विचारायची गरज नव्हती.

फोन केल्यावर अविनाश धावतच आला. त्याने भोकं मोकळी केली, तेव्हा ते पाणी त्याच्या बुटांवरून वाहत गेलं. तो हलला नाही.

"कोणाले विचारून बुजवले?" पूनमचा आवाज चढला होता.

"काल सांजच्याले बुजवले, सकाळी येणं झालं नाई. गळत होतं…"

"गळासाठीच ठेवलं होतं! पाणी खाली नाई गेलं तर त्यायले हवा कुठून भेटन?"

"माह्या धंद्यात गळणं म्हणजे बिघाड," तो हळू म्हणाला. "मले वाटलं… तू चाल्लीच पुण्याले. जातानी एक काम पक्कं करून द्यावं."

"मी चाल्ली हे तुले कोणी सांगितलं? विचारलं का तू? नाई विचाराचं ते विचारून बसते, ऑनलाइन भेटते का म्हणून! भोकं बुजवाले विचारत नाई, आणि जे विचारासाठी मी…"

ती थांबली. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते गांडुळांसाठी आहेत असं तो समजला तर बरं, असं तिला वाटलं. मग वाटलं, तसं समजला तर अजिबात बरं नाही.

अविनाशने बाह्या वर केल्या. संध्याकाळपर्यंत दोघांनी वाचलेली गांडुळं वेचून ओलसर, कुजलेल्या शेणाच्या टोपल्यात ठेवली आणि भिजलेलं खत सावलीत ताडपत्रीवर पसरलं. जाताना तो फाटकाशी थांबला खरा, पण मान खाली घालून निघून गेला.

रविवारी सकाळी पूनमने टोपल्यातली गांडुळं वाळत आलेल्या खतात सोडली आणि शेवग्याच्या विरळ सावलीत त्याचा ढीग लावला. खत वेगळं करायची तिची रीत साधी होती. गांडुळांना उजेड सोसत नाही. ढीग उजेडात ठेवला, की ती खाली सरकतात. मग वरचं खत अलगद खरवडून घ्यायचं आणि थांबायचं. ती आणखी खाली जातात. पुन्हा खरवडायचं, पुन्हा थांबायचं. या कामात हाताला कमी आणि थांबायलाच जास्त लागतं.

ओसरीवर नारायणराव पेपर घेऊन बसले होते. फोन शेजारी होता.

"आत येऊ का?"

पूनमने वर पाहिलं. अविनाश फाटकात उभा होता. इतक्या दिवसांत हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

"ये."

"बसू का इथी?"

"बस."

"वरचं खरवडू का?"

"थांब थोडं. खाली जाऊ दे त्यायले."

तो थांबला. "आता खरवडू का?"

"अविनाश!"

"नाई… विचारलेलं बरं असते म्हणून."

तिला हसू येत होतं आणि तिला ते यायला नको होतं. पहिला थर निघाला, दुसरा निघाला. ढीग बसत चालला. ऊन शेवग्यातून सरकत ओसरीच्या पायरीशी पोचलं.

"पूनम," नारायणरावांनी विचारलं, "पुण्याले काय सांगू व?"

तिचा हात खतातच राहिला. "थोडं थांबा, बाबा. अजून थर बाकी हायेत."

पेपरचं पान उलटलं.

"एक विचारू?" अविनाश म्हणाला.

"सकाळपासून दुसरं काय करून राह्यला?"

"हे मोठं हाये." तो ढिगाकडे बघत बोलत होता. "माह्या दुकानाच्या वर दोन खोल्या हायेत. मागं जागा हाये, सावली बी हाये. तिथं एक मेलेला फ्रिज पडून होता… मोठा, डबल डोअर. तो मी परवा आडवा केला. जाळी टाकली. भोकं पाडले, तुह्यापेक्षा जास्तच पाडले."

"काऊन?"

"तू येशीन म्हणून. म्हणजे…" त्याने मान वर केली. "येशीन का? माह्याशी लगन करशीन का, पूनम?"

तिचं नाव त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती.

"थांब," ती म्हणाली.

आणि ती खरंच थांबली. उत्तर तिच्याजवळ तयार होतं, कदाचित पहिल्या दिवसापासून होतं. पण प्रश्न इतक्या उशिरा आला होता, की तिला त्याच्याजवळ थोडा वेळ नुसतं बसायचं होतं. गांडुळं खाली सरकत होती. अविनाशच्या कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला आणि त्याने तो पुसला नाही. ती सुखात होती, इतकी, की ओसरीवर वडील आहेत हेही क्षणभर विसरली. मग तिने शेवटचा थर अलगद बाजूला केला.

"बाबा!"

"काय व?"

"पुण्याले नाई म्हणून सांगा. नीट सांगा, माणूस चांगला हाये."

"बरं," नारायणराव म्हणाले. "आणि याले?"

"याले मी सांगते. तुमी ऐकूनच राह्यले नं सगळं!"

"मी कशाले ऐकू? मी पेपर वाचून राह्यलो." पेपर खाली आला, चष्म्यावरून दोन डोळे दिसले. "तो डबल डोअर कोणत्या कंपनीचा हाये रे?"

अविनाश पूनमकडे बघत होता.

ढिगाच्या तळाशी आता खत उरलं नव्हतं, नुसती गांडुळं होती, एकमेकांत गुंतलेला ओलसर लालसर गोळा. बुधवारी मेली त्यांच्या मानाने ती खूपच जास्त वाचली होती. पूनमने तो गोळा दोन्ही हातांनी उचलला, हलकेच अर्धा केला आणि अर्धा त्याच्या ओंजळीत ठेवला. त्याची बोटं शहारली, पण ओंजळ सुटली नाही.

"नव्या जागी जम बसाले वेळ लागते त्यायले," ती म्हणाली. "आजच घेऊन जाय. मी येईन तवा घर लागलेलं पाह्यजे."

तो उशिरा हसणारा माणूस त्या दिवशी लगेच हसला. ओंजळ सांभाळत उठला, फाटकापर्यंत गेला आणि वळला.

"आणखी एक विचारू?"

"विचार."

"खालून गळलं तर?"

"गळू दे," पूनम म्हणाली.