गळतीचं झाकण

किकवीच्या वेशीबाहेर महादेवाचं देऊळ आहे. तिथं येऊन फटफटीनं दोन आचके दिले, एकदा खोकली आणि गप्पच झाली.

सगुणा पायरीवर घागर टेकवत होती. चैत्र लागला की देवाला उन्हाचा ताप होऊ नये म्हणून पिंडीवर गळती टांगतात. तांब्याचं भांडं, तळाला बारीक छिद्र, आणि त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी. ती भरलेली ठेवायचं काम सगुणानं अंगावर घेतलेलं. सोमवारी तर उपासाबरोबर मौनही. दिवेलागणीला देवापुढं वात लागली की मगच तोंड उघडायचं.

फटफटीच्या इंजिनातून भट्टीसारखी झळ येत होती. सगुणाला कणव आली. देवाला गारवा, मग ह्या बिचारीला का नको? तिनं घागर उचलली…

"अहो, अहो! नका ओतू! तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर तडकंल की ते!"

घागर तशीच हवेत राहिली. समोर खाकी सदऱ्यातला, उन्हानं रापलेला तरुण, हात तेलानं काळे आणि डोळे हसरे.

"रागावला व्हय? बोला की काईतरी."

"ती न्हाई बोलायची," देवळातून सोजराआत्या म्हणाल्या. "सोमवारचं मौन हाय माझ्या भाचीचं. तुमी कुठलं?"

"पालीचा, मानसिंग. लढाईत मोटारी दुरुस्त करत होतो, आता भोरात ऱ्हातो. दर सोमवारी सारोळ्याला नदीवरचं पाण्याचं इंजिन बघाया जातो."

"लोकांची इंजिनं बघता, आन् सोताचं असं?"

सगुणानं पदर तोंडाशी नेला. पण मानसिंगनं ते हसू पाहिलंच.

मग दर सोमवारी तसंच होऊ लागलं. फटफटी भोरहून सुरळीत यायची आणि देवळापाशी बंद पडायची. मानसिंग इंजिनाचा प्लग काढून आत्यांना दाखवी. "पांढराफटक! पेट्रोल कमी पोचतंय, म्हणून तापती. पण टाकी तर भरल्याली!" टाकीचं मूळ झाकण हरवलेलं. त्यानं भोरच्या तांबटाकडून पितळेचं, आट्यांचं, घट्ट झाकण घडवून घेतलं होतं. ते उघडून तो आत डोकावे तेव्हा 'फुस्स' असा आवाज येई. थोड्या वेळानं गाडी चालू होई. "थंडावली," तो म्हणे, आणि जाता जाता पायरीकडं बघे.

ते बघणं सगुणाला पुढच्या सोमवारपर्यंत पुरे. जपाचा मणी मात्र बोटांत अडे. वेशीवरल्या चिंचेपलीकडं धूळ उडाली की ओठ नाम घेत आणि कान रस्त्यावर जात. देवा, हे पाप का रे?

एका सोमवारी तो गळतीसाठीही झाकण घेऊन आला. "पाचोळा पडतो म्हणत होता न्हवं आत्या? त्याच तांबटाकडनं आणलं. बघा कसं गच्च बसतंय!"

सगुणानं झाकण बसवलं. चार थेंब पडले… आणि पाणी थांबलं. तिनं झाकण उचललं. थेंब पडू लागले. पुन्हा लावलं, पुन्हा थांबले.

वरून वारा आत गेल्याशिवाय खालून पाणी उतरत नाही. तिची नजर फटफटीच्या टाकीवर गेली, त्या चकाकत्या झाकणावर. तो 'फुस्स' तिला आठवला.

बाहेर मानसिंग आत्यांना सांगत होता, "आसंच तापत ऱ्हायलं तर इंजिन जळून जाईल. मग सारोळ्याचं कामबी सुटलं. पुण्याला जाऊन कुठंतरी चिकटायचं."

सांगितलं तर गाडी बरी होईल. मग इथं कोण थांबणार? आणि आज तर मौन… देवानंच तोंड बांधलेलं.

पण हात थोडेच बांधलेत?

ती उठली. त्याच्या पिशवीतून खिळा आणि हातोडी घेतली आणि गळतीच्या झाकणाला भोक पाडलं. झाकण लावून थेंब दाखवला, बोट भोकावर दाबून थांबवलाही. मग तेच बोट फटफटीच्या टाकीकडं केलं.

मानसिंग बघतच राहिला. "आरं तिच्या…! टाकीला श्वासच न्हाई व्हय!"

त्यानं तिथंच टाकीच्या झाकणाला छिद्र पाडलं. गाडी चालू झाली. सगुणा आत गेली आणि वात वळत बसली.

पुढच्या सोमवारी आवाज आला… जवळ आला… आणि न थांबता सारोळ्याकडं निघून गेला. संध्याकाळी तसाच परतला. तिनं गळतीत पाणी ओतलं ते काठावरून सांडलं. आत्यांनी ते पाहिलं.

त्याच्या पुढच्या सोमवारी, उन्हं कलल्यावर, फटफटी पायरीशी येऊन थांबली.

"काय ओ मानसिंगराव, पुन्हा तापली?"

"न्हाई आत्या. हात लावून बघा, कशी शांत हाय."

"मग?"

तो जरा घुटमळला. "निमित्त संपलं ना आता… मागच्या खेपेला थांबायचा धीरच झाला न्हाई. आज बिननिमित्ताचा थांबलो. दिवा लागंस्तवर बसू का? एवढ्या दिसांत त्यांचा आवाज न्हाई ऐकला म्या."

आत्या गाभाऱ्याकडं बघून म्हणाल्या, "बसा की. पायरी देवाची हाय."

उन्हं डोंगराआड गेली. सगुणानं वात लावली, हात जोडले. "महादेवा," ती पुटपुटली. मग चौकटीशी आली. मानसिंग उठून उभा राहिला. मागं गळतीचे थेंब पडत होते.

"गेल्या सोमवारी…" ती म्हणाली, "थांबला न्हाईत तुमी."