टाइम्स स्क्वेअरमधला खुरीस

दोन नोव्हेंबर, रात्रीचे साडेअकरा. केव्हिन खिशात मेणबत्ती घेऊन निघालेला. आई, रोझा, मार्चमध्ये गेली. मेलेल्यांच्या या एका रात्री घरचं गेलेलं माणूस बाराच्या आत गावच्या खुरसापाशी, त्या दगडी क्रूसापाशी येतं, आपल्या नावाचा उजेड बघतं आणि शांत होऊन परत जातं. तिनं शेवटी एवढंच मागितलेलं, "एक मेणबत्ती लाव रे, बाबा. अंधारात मला वाट नाय दिसायची."

पण खुरीस होता कुठे? कळव्यातल्या या तिठ्यावरचा दगडी क्रूस गावच्या म्हाताऱ्यांनी बिल्डरला देऊन टाकला. लग्नाची वरात तिथे थांबायची, खाडीतल्या भरावाविरुद्धचा मोर्चा तिथूनच निघालेला. आता त्या जागी मशाल धरलेली फायबरची अमेरिकन बाई, आणि चौकाचं नाव टाइम्स स्क्वेअर. रिक्षावाल्यालाही तेच सांगावं लागतं. खुरीस बिल्डरच्या नव्या टॉवरच्या तळघरात, पार्किंगमध्ये. कार्डाशिवाय गेट उघडत नाही.

खुरीस देण्याच्या कागदावर पहिली सही बॉस्को अंकलची. तोच चौकातल्या बाकड्यावर बसलेला, शेजारी त्याची नात बियांका.

"पुतळ्यापाशी लावू नकोस," म्हातारा म्हणाला.

"मग कुठे लावू? तुमच्या सहीवर?"

"बस रे. माझ्या ओळखीतला इनास. गेल्या वर्षी, हीच रात्र, बाराला दहा कमी. त्याला वाटलं, जागा तर तीच. पुतळ्याच्या पायाशी लावली. वारा नव्हता. विझली. परत लावली..."

"मग?" बियांका.

"मागे पावलं. ओली. अनवाणी. एकाची नाही... पुष्कळांची."

बियांका जवळ सरकली.

"त्यानं मागं बघितलं नाही. आवाज आला. त्याच्या मेलेल्या आईचा. 'इनास, खुरीस कुठाय?' तो काय सांगणार? तळघरात? कार्ड आण?"

"काय सांगितलं?"

"काहीच नाही. पावलं फिरत राहिली. चौकभर. पहाटेपर्यंत... नुसती शोधत."

केव्हिन उसळला. "फिरायला तुम्हीच लावलंत त्यांना. वर आम्हालाच भीती घालता!"

पुतळ्याच्या मशालीतला दिवा तेवढा लुकलुकत होता.

केव्हिननं मोबाइल बघितला. बारा वाजून चार मिनिटं. दोन तारीख गेली... या म्हाताऱ्याचं ऐकत बसण्यात गेली.

"मी गेट तोडतो," म्हणत त्यानं खिशात हात घातला.

दुपारी स्टेशनबाहेर घेतलेली कोरी मेणबत्ती. तिला काडीसुद्धा लागलेली नव्हती.

हातात आली ती अर्धी.

वात काळी.

मेण अजून गरम.