एका दाताची चूक

इंजिनाचं झाकण काढून आतला टायमिंगचा पट्टा पाहिला आणि माझ्या तोंडून शिवीच निघाली. "ही गाडी तू चालवत आलास? दैव बलवत्तर म्हणून पोचलास!"

"पण फार चाललीच नाहीये गं," कोर्रादो म्हणाला. "काकांनी मला दिली; ते फक्त रविवारी बाहेर काढायचे. एरवी पांघरुणाखाली..."

"पांघरुणाखालीही पट्टा म्हातारा होतो. रबर आहे ते! भेगा बघ. धावताना तुटला, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतील. मग बस काकांच्या नावाने रडत."

बाबा मागून कडाडले, "म्हणून म्हणतो, पट्टेवालं नको, साखळीवालं इंजिन घ्यावं! तेल वेळेवर बदललं की वर्षानुवर्षं उघडून बघायला नको."

घाटाच्या या बाजूच्या मोंदोवी गावातलं आमचं गॅरेज उद्यापासून ऑगस्टच्या सुटीसाठी बंद. नेमकी आज ही लाल, उघड्या टपाची, दोन सीटांची गाडी घेऊन आलेला शहाणा म्हणजे समोरच्या बेकरीतला कोर्रादो. रोज माझ्यासाठी गरम फोकाच्चा पावाचा कडेचा, कुरकुरीत तुकडा राखून ठेवायचा. मला कडेचाच आवडतो, हे मी त्याला कधी सांगितलं नव्हतं...

नशिबाने मापाचा पट्टा कपाटात होता. तो इंजिनातल्या चाकांच्या दातांवर बसवत मी विचारलं, "एवढी घाई कसली?"

"उद्या इंपेरियाला निघतोय. समुद्राकाठच्या हॉटेलात काम मिळालंय. कायमचं."

"अरे वा! छान," मी म्हणाले. पट्टा सरकवताना नजर मात्र त्याच्यावरच होती.

पट्टा ताणून झाला. मग क्रँकच्या दांड्याला पाना लावून मी हाताने दोन पूर्ण फेरे दिले. किल्लीला हात लावण्याआधी हे करायचंच, हा बाबांचा नियम. चाकांवरच्या खुणा पुन्हा जागेवर यायला हव्यात.

आल्या नाहीत. मी एक दात चुकवला होता.

बाबांनी वाकून पाहिलं. "नीवेस! अगं, लक्ष कुठं होतं तुझं?"

"ह्याच्याकडे!" मी फटकन बोलून गेले. "हा कायमचा चाललाय, आणि त्याची गाडी धडधाकट करून द्यायचं माझ्याच नशिबी आलंय!"

बाबांना अचानक मागच्या खोलीत काहीतरी काम आठवलं.

कोर्रादोचे कान लाल झाले. "मी आगगाडीनेही गेलो असतो, नीवेस. माझं सामान एका पिशवीत मावतं."

"मग?"

"गाडीला दुसरी सीट आहे ना... तुला विचारायचं होतं. धीरच होत नव्हता. सुटीभर येशील?"

"आणि सुटी संपल्यावर? मी गॅरेज सोडणार नाही हं."

"नकोच सोडूस. माझ्या सुटीला मी घाट ओलांडून येईन. तुझ्या सुटीला तू ये."

मला हसू फुटलं, आणि डोळेही भरून आले. "आधी पट्टा," मी म्हणाले.

पुन्हा सगळं सैल केलं, पुन्हा बसवलं. या वेळी पाना त्याच्या हातात दिला आणि त्याच्या हातावर माझा हात ठेवला. दोन फेरे झाले. खुणा बरोब्बर जुळल्या... हात मात्र कुणीच काढला नाही.

सकाळी मी आधी स्टिअरिंगवर जाऊन बसले. कोर्रादो निमूट शेजारच्या सीटवर बसला, मांडीवर फोकाच्चाची पुडी घेऊन.

शटर ओढता ओढता बाबा ओरडले, "साखळीवाली गाडी असती ना, तर पोरगी आज घरात असती!"