खिळ्यावरचा प्लग

ही गोष्ट खरी आहे.

कुणाला पटवून देण्याचा माझा आग्रह नाही. भुतं फक्त मध्यरात्री निघतात असं ज्यांना वाटतं त्यांनी तर पुढे वाचूच नये. कारण हे घडलं ते भर दुपारी, लख्ख उजेडात. चार वर्षांपूर्वीचा मंगळवार होता आणि घड्याळात सव्वातीन वाजले होते.

जागा म्हणजे माझ्या मामांचा फर्निचरचा कारखाना. नाव मोठं, पण आहे ती एक लांबट शेड. वर पत्रे, भिंतीला टेकवलेल्या फळ्या, मधोमध दणकट टेबल आणि दाराशी विजेचा बोर्ड.

टेबलापासून बोर्डापर्यंत बरोबर सात पावलं.

ही सात पावलं लक्षात ठेवा.

कारखाना दोघांचा होता. मामा आणि त्यांचे साडू. मामीच्या धाकट्या बहिणीला आम्ही मावशी म्हणतो, हे तिचे यजमान. मामा त्यांना साडूभाऊ म्हणायचे, म्हणून मग आम्ही भाचरंही साडूभाऊ म्हणायला लागलो आणि शेवटी सगळी गल्लीच त्यांची साडू झाली.

दोघांचे स्वभाव अगदी उलटे. मामा घाईचे, बोलके, फोन कायम कानाला. साडूभाऊ सावकाश. डोळ्यांवर जाड चष्मा, कानांवर झाकणं, फळी शिकंज्यात दोन्हीकडून पक्की आवळल्याशिवाय यंत्राला हात नाही. मामा चिडवायचे, "तू लग्नातसुद्धा हा चष्मा लावून उभा राहिला असतास." साडूभाऊ शांतपणे म्हणायचे, "तिथे लावायला हवा होता, इथे तर लावतोच आहे."

त्यांचं सगळ्यात आवडतं यंत्र म्हणजे लाकडात खाचा पाडणारा राउटर. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. दोन्ही बाजूंना दोन मुठी, मध्ये मोटर, खाली बिट, म्हणजे फिरणारं धारदार पातं. फळीवर टेकवायचं, चालू करायचं, वेग धरू द्यायचा आणि मग मुठींवर भार देऊन बिट हळूहळू लाकडात उतरवायचं. एका दमात खोल जायचं नाही, थोडं थोडं कापायचं. काम झालं की बिट खाली धरून ठेवणारा खटका सोडायचा, ते आपोआप वर येतं. पण ते फिरायचं थांबेपर्यंत यंत्र हातातून सोडायचं नाही. मिनिटाला वीस हजारांच्या वर फेरे असतात. मध्ये बोट आलं, तर ते लाकूड नाही हे त्याला कळत नाही.

म्हणून साडूभाऊंचे दोन नियम होते. बिट बदलण्याआधी यंत्रावरचा स्विच बंद. आणि प्लग बाहेर. एक चुकलं तर दुसऱ्याने वाचवायचं.

टेबलाशी असलेल्याने विचारायचं, "काढला?"

बोर्डाशी असलेल्याने प्लग काढायचा, वायरीचे दोन वेढे देऊन तो बोर्डाशेजारच्या खिळ्याला अडकवायचा आणि मगच म्हणायचं, "काढला."

हे उत्तर आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. अठरा वर्षं हे असंच चाललं होतं.

मग एक दिवस दुपारी, साडूभाऊ कपाटाच्या दारावर खाच पाडत असताना, लाईट गेली. बिट लाकडातच गप्प झालं. त्यांनी राउटर उचलून टेबलावर आडवा ठेवला. बसून काय करायचं, तेवढ्यात बिट बदलून घेऊ, असं त्यांच्या मनात आलं.

"काढला?"

मामा बोर्डाशी उभे होते. फोनवर एक गिऱ्हाईक डोकं खात होतं, कपाट कधी देता म्हणून. मामांनी मान न वळवता सांगितलं, "काढला, काढला."

प्लग बोर्डातच होता.

आणि त्या दिवशी नेमके साडूभाऊ स्विच बंद करायला विसरले होते. अठरा वर्षांत पहिल्यांदा.

लाईट आली.

उजव्या हाताची तीन बोटं गेली.

शेजारचे धावत आले, तेव्हा मामा सांगत होते, "त्याने विचारलंच नाही हो. स्विचही चालू ठेवला होता." स्विचचं खरं होतं. अर्धं खरं होतं म्हणून सगळंच खपलं.

दवाखान्यात साडूभाऊंनी मामांना एकदाच विचारलं, "मी विचारलं होतं ना रे?"

"नाही," मामा म्हणाले. "तू विचारलंच नाहीस."

 "मग माझीच चूक," साडूभाऊ म्हणाले.

त्यानंतर जो भेटेल त्याला ते हेच सांगायचे. माझीच चूक. ज्या माणसाने जन्मभर काळजी घेतली, त्याचं नाव गल्लीत निष्काळजी म्हणून झालं. मावशी तर एकदा मामांच्या घरी येऊन रडली. यांच्या वेंधळेपणामुळे तुमचं काम अडलं, भाऊजी, माफ करा, म्हणाली.

मामांनी माफ केलं.

हे मला मामांनी स्वतः सांगितलं तेव्हा मला त्यांचा इतका राग आला की मी ताडकन उठून बाहेर गेले. सख्खा मामा आहे, पण जे आहे ते आहे.

पुढे दोन वर्षांनी साडूभाऊ गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठलेच नाहीत. डॉक्टर हृदय म्हणाले. मावशीचं म्हणणं, हात रिकामे झाले आणि माणूस आतून संपला.

त्याला महिना झाला असेल. मामा शेडमध्ये एकटेच काम करत होते. बिट बदलायचं होतं. इतक्या वर्षांची सवय... तोंडातून आपोआप गेलं, "काढला?"

बोलून झाल्यावर त्यांचं त्यांनाच कसंतरी झालं. आता उत्तर द्यायला होतंच कोण?

आणि तेवढ्यात...

"काढला."

बोर्डाकडून. सात पावलांवरून. तोच संथ, जरा नाकातला आवाज.

मामा जागच्या जागी थिजले.  मग मान वळवून पाहिलं...

प्लग खिळ्याला होता. वायरीचे दोन वेढे दिलेले. आणि तो अजून हलत होता.

मामा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बाहेर पायरीवर बसून राहिले. आत पाऊल टाकायची हिंमत झाली नाही. घरी कुणाला काही बोलले नाहीत. बोलणार तरी काय आणि कोणत्या तोंडाने?

दुसऱ्या दिवशी मन घट्ट करून ते परत गेले. सकाळभर नुसतंच झाडलोट केल्यासारखं केलं. शेवटी मुद्दाम विचारलं, "काढला?"

"काढला."

प्लग खिळ्यावर.

तिसऱ्या दिवशी त्यांनी बोर्डापासून टेबलापर्यंत भुसा पसरून ठेवला, बारीक, पिठासारखा. विचारलं. उत्तर आलं. प्लग खिळ्यावर गेलेला...

पण भुशात एकही पाऊल नव्हतं.

माणसाला कशाचीही सवय होते. आठ-दहा दिवसांत मामांची भीती गेली. पंधरा दिवसांत त्यांना बरं वाटायला लागलं. मामी सांगते, त्या दिवसांत ते जेवताना गुणगुणायचे. कारण त्यांच्या मनाने एक अर्थ लावला होता. साडूभाऊ रागावून गेलेला नाही. तो परत आलाय, पूर्वीसारखा आपली काळजी घेतोय.

त्याने आपल्याला माफ केलं.

दोन वर्षं छातीवर बसलेला दगड उतरला म्हणायचे. ते त्याच्याशी बोलायलाही लागले. आज उकडतंय रे. ही फळी बघ, ओली निघाली. त्यावर उत्तर कधी यायचं नाही. उत्तर फक्त एकाच प्रश्नाला यायचं.

आणि प्रत्येक वेळी ते खरं असायचं.

तीन महिने. मामा आधी बोर्डाकडे जाऊन खात्री करायचे. मग नुसतं वळून बघायला लागले. मग तेही सुटलं. स्विच बंद करायचाही कंटाळा यायला लागला. पाठीशी सख्ख्या भावासारखा साडू उभा असताना भीती कसली?

मग तो मंगळवार आला.

कपाटाचंच दार होतं. बिट लाकडात उतरलेलं होतं, खाच निम्मी झाली होती. आणि लाईट गेली.

वरचा पंखा गरगरत थांबला. शेडमध्ये एकदम शांतता झाली. मामांनी राउटर उचलला, टेबलावर आडवा ठेवला. तेवढ्यात बिट बदलून घेऊ, असं त्यांच्या मनात आलं.

त्यांना तेव्हाही काही आठवलं नाही. नंतर ते याच गोष्टीवर डोकं आपटून घ्यायचे, की मला आठवलं कसं नाही.

"काढला?"

या वेळी उत्तर यायला जरा उशीर झाला...

"काढला, काढला."

मामांनी पाना लावला. बिट दोन बोटांत धरलं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. उत्तर एकदाच यायचं. आज दोनदा आलं होतं. आणि आवाज...

हात मागे घ्यायला हवा, हे त्यांना कळलं. तेवढाच वेळ मिळाला.

लाईट आली.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा त्यांचा उजवा हात पांढऱ्या गठ्ठ्यासारखा बांधलेला होता. तीन बोटं गेली होती. तीच तीन. मामी कोपऱ्यात बसून होती. मामा मला बघून एवढंच म्हणाले, "त्याने मला फसवलं गं."

कोणी, असं विचारलं तेव्हा ते भिंतीकडे वळले. एवढा मोठा माणूस, पण फसवलेल्या पोरासारखे हुंदके देत होते. सगळं मला त्यांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलतायत.

संध्याकाळी मावशी आली; 'त्याने मला फसवलं' हे मामांचं बोलणं मामीने तिला फोनवर सांगितलं होतं. हातात डबा होता. डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून बसली, आणि मामांच्या बांधलेल्या हाताकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "भाऊजी, तुम्ही विचारलं होतं का?"

"विचारलं होतं," मामा म्हणाले.

"उत्तर आलं होतं?"

"आलं होतं."

"कोणाचा आवाज होता?"

मामांनी बांधलेला हात छातीशी ओढून घेतला. 

"माझा," ते म्हणाले. "माझाच आवाज होता. फोनवर बोलताना येतो तसा. मीच म्हणालो होतो, काढला म्हणून. त्या दिवशी. त्याने विचारलं होतं गं. मी न बघता सांगितलं."

मामीने तोंडावर पदर धरला. मला वाटलं, मावशी आता ओरडेल, त्यांना काही फेकून मारेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दवाखान्यातून घरी आले त्या रात्रीच त्यांनी मला सांगितलं होतं," मावशी म्हणाली. "मी विचारलं होतं, उत्तरही आलं होतं, असं म्हणाले. मी म्हटलं, भाऊजी कशाला खोटं बोलतील? तुम्हीच विसरला असाल. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. शेवटपर्यंत काढला नाही."

ती उठली.

"मी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, भाऊजी. तुमच्यावर ठेवला."

डबा तसाच ठेवून ती निघून गेली. त्यानंतर तिने मामांच्या घराची पायरी चढलेली नाही. बहिणीशीही बोलत नाही. गल्लीत मात्र मामा आता भेटेल त्याला थांबवून सांगतात, की साडूभाऊची चूक नव्हती, त्याने विचारलं होतं. लोक ऐकून घेतात आणि पुढे जातात. आता त्याचा कोणाला काय उपयोग?

कारखाना बंद पडू नये म्हणून मी नोकरी सोडून तो हातात घेतला. राउटरही तोच आहे. मी दोन्ही नियम पाळते आणि वर माझा एक तिसरा आहे. प्लग खिळ्याला अडकवत नाही. वायर ओढत सात पावलं टेबलापर्यंत आणते आणि प्लग अंगावरच्या एप्रनच्या खिशात ठेवते. मगच पाना उचलते.

आणि मी कधीच, कोणालाच काही विचारत नाही. तेवढा कानाला खडा लावला आहे.

तरीही...

कधीकधी दुपारी पंखा थांबतो, शेड शांत होते, आणि मी काही न विचारताही बोर्डाकडून शब्द येतो.

"काढला."

आवाज साडूभाऊंचा आहे की मामांचा, हे मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही. मी बिट तसंच सोडते आणि खिशात हात घालून प्लग चाचपते.

आजवर तरी तो प्रत्येक वेळी तिथे होता.