चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये

आमच्या इमारतीची लिफ्ट संध्याकाळी चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबायची. मुलं शाळेतून परतायच्या वेळेला. थोडा वेळ थांबायची आणि आपोआप चालू व्हायची. सेक्रेटरी माझ्याकडे आला.

"कंपनीचा माणूस यायला आठवडा लागेल, मिस्त्री. तेवढं बघा ना."

मी हत्यारांची पिशवी उचलली. ती लिफ्ट मीच बसवलेली. शाळा मला फारशी मिळाली नाही, उभा जन्म लिफ्ट बसवण्यात गेला. आता गुडघे गेलेत. हात आहेत.

पुढचं समजायला आमच्या कामातली एक रीत सांगतो. एक माणूस केबिनच्या टपावर असतो, दुसरा आत. आतल्याला लिफ्ट हलवायची असली की तो छताला दोनदा ठोकतो. म्हणजे, हलवू का? टपावरचा उलट दोनदा ठोकतो. म्हणजे, मी तयार आहे, हलव. उत्तर नाही आलं तर बटणाला हात लावायचा नाही. लिफ्टच्या विहिरीत बोललेलं घुमतं, कळत नाही. ठोके कळतात. माझ्या हाताखालचा एकही माणूस मेला नाही, तो या रीतीमुळे.

घरीही तीच सवय लागली. नात लहान होती तेव्हा मी न्हाणीघराच्या दारावर दोनदा ठोकायचो, ती आतून दोनदा ठोकायची. आता ती नववीत आहे. आम्ही तिला भिंगरी म्हणतो. एका जागी ठरत नाही. अजूनही कुठे दोन ठोके ऐकले की तिचा हात आपोआप उठतो.

तर मी टपावर चढलो. वरून मोटरच्या खोलीतला उजेड येत होता, तो खाली पोहोचेपर्यंत विझल्यासारखा होत होता. ग्रीसचा आणि दमट विटांचा वास. ब्रेक ठीक. रोप ठीक. मग बॅटरी खाली धरली.

टपावर धुळीचा काळा थर होता आणि त्यात बसायच्या जागा पुसल्या गेल्या होत्या. पोरं टपावर बसून खालीवर करत होती. जागा मोजल्या. पाच. चार मधल्या आडव्या पट्टीला धरून. पाचवी कोपऱ्यात, जिथून काउंटरवेट जातं. लिफ्ट वर गेली की ते लोखंडाचं वजन खाली येतं, टपाला जवळजवळ घासून. त्या कोपऱ्यात बसणाऱ्याचा गुडघा जागेवर राहणार नाही.

पट्टीला केसांचं पिवळं रबर अडकलं होतं. ते मी ओळखलं.

घरी आलो तर भिंगरी बेसिनपाशी ग्रीसने काळं झालेल्या कोपराला साबण घासत होती. मी ओरडणारच होतो. लेक, भिंगरीची आई, नुकतीच कामावरून आलेली. ती हॉस्पिटलात नर्स आहे. तिने माझ्या हातातलं रबर बघितलं, मग पोरीचं कोपर, आणि पांढरी पडली. पण बोलली हळूच.

"बाबा, ओरडू नका."

"का? हार घालू?"

"वॉर्डात अशी पोरं रोज येतात. सगळी ओरडा खाल्लेलीच असतात. तुम्ही ओरडलात की ती हेच दुसरीकडे जाऊन करेल. तिथे आपण कोणी नसू."

मला न ओरडता बोलायची सवय नाही. मी रॉकेलची बाटली आणि चिंधी आणली, भिंगरीसमोर ठेवली.

"साबणाने जात नाही ते."

ती घाबरून माझ्याकडे बघत राहिली. मग चिंधी घेतली. कोपराचं काळं निघेपर्यंत मी बसून राहिलो.

"कितीजण?" मी विचारलं.

"चौघं. किल्ली आम्हीच बनवली. दार उघडायची."

"कशाला?"

"माहीत नाही." ती पुन्हा चिंधी घासायला लागली. "एकटी असते तर नसते गेले. सगळे बघत असतात ना, मग पाय मागे घेता येत नाही. आणि वर जाताना पोटात गोळा येतो, तेव्हा दुसरं काही आठवत नाही. परीक्षा नाही, काही नाही. भीती वाटते, आजोबा. वाटते म्हणूनच जायचं."

मला पटलं असं नाही. पण कळलं. नव्या लिफ्टची मोटर पहिल्या दिवसापासून जोरात ओढते. ब्रेकचं लायनिंग मात्र घासून घासून बसतं, त्याला वेळ लागतो. तोवर लिफ्ट हळू चालवायची आणि जवळ माणूस उभा ठेवायचा. मोटरला शिव्या घालून ब्रेक लवकर बसत नाही. हे मी तिला सांगितलं.

"म्हणजे मी लिफ्ट?"

"लिफ्ट ऐकते तरी."

ती हसली. लेकही दारात हसली. मग मी विचारलं, "चौघं म्हणालीस. जागा पाच आहेत. कोपऱ्यात बसणारा मूर्ख कोण?"

हसू गेलं.

"तो आमच्यातला नाही. आम्ही चढतो तेव्हा असतोच तिथे. आम्हाला वाटलं वरच्या मजल्यावरचा असेल..."

"दिसतो कसा?"

"अंधार असतो ना. शर्टच दिसतो. हात आत घ्या म्हणतो. चौथ्याच्या वर गेलं की लिफ्ट थांबते. मग म्हणतो, बास, उतरा आता. आम्ही पाचव्याच्या दारातून उतरतो."

"बरं करतो."

"बाकीच्यांना म्हणतो तसं." तिने चिंधीची घडी केली, पुन्हा उलगडली. "मला म्हणतो, तू थांब..."

मी उठून खिडकी लावली. लावायची गरज नव्हती.

लिफ्ट बसवली तेव्हा या इमारतीत एक मुलगा होता. भिंगरीच्याच वयाचा. जिन्यावर बसून आमचं काम बघायचा. आम्ही ठोकलं की तोही बोटांच्या पेरांनी कठड्यावर ठोकायचा. मी हाकलायचो. कामाच्या जागी पोरं नकोत, हे मी आजही म्हणेन. पुढे एकदा दोस्त दारात बघत उभे असताना तो टपावर चढला. बाहेर काढायला मलाच बोलावलं. कुठून काढला ते सांगत नाही, कळलंच असेल. घरी मी हे कधी बोललो नव्हतो. त्या दिवशीही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर चौघांना गोळा केलं. टपाच्या त्या कोपऱ्यात रंगाचा रिकामा डबा ठेवला, दार लावलं, लिफ्ट वर नेली, खाली आणली. डबा चपटा झाला होता. आवाज फार मोठाही झाला नव्हता.

त्यांच्यातला उंच मुलगा म्हणाला, "हे आम्हाला माहीत होतं, आजोबा."

"माहीत सगळ्यांना असतं. आता बघितलंत."

मग मी त्यांना वर मोटरच्या खोलीत नेलं. "हात काळे करायचेत ना? सुट्टीच्या दिवशी इथे या. हा जुना ब्रेक पडलाय, तो खोलून दाखवतो. धीट कोण ते इथे कळेल." उंच मुलाने ब्रेकला बोट लावून बघितलं. भिंगरीने त्याला कोपर मारलं. मला वाटलं, सुटलो.

दारांना नवी कुलपं येईपर्यंत मी मेन स्विच बंद केला आणि त्याच्या पेटीची किल्ली खिशात टाकली. केबिन तळमजल्यावर उभी.

"अख्खी इमारत जिन्याने चढतेय, मिस्त्री," सेक्रेटरी म्हणाला.

"मीही चढतोय."

रोज भिंगरी परतायच्या वेळेला मी फाटकापाशी उभा राहतो आणि तिच्याबरोबर वर येतो. आम्ही सहाव्यावर राहतो. प्रत्येक वळणावर मला थांबावं लागतं. ती थांबते, आणि थांबली की बोलते. कोणी कोणाला काय करून दाखव म्हटलं, कोण घाबरलं, कोण हसलं. आईलाही सांगत नसेल असं. मला धाप लागलेली असते, म्हणून मी मध्ये बोलत नाही. तेच बरं पडत असेल.

जिना लिफ्टच्या विहिरीला लागून आहे. मध्ये एक भिंत. चौथा मजला सोडला की मी भिंगरीचं मनगट धरतो. का ते तिने विचारलेलं नाही.

काल ती उंच मुलाची नक्कल करत होती. ब्रेकची स्प्रिंग त्याच्या हातातून उडाली आणि तो मोटरमागे लपला, ते. हसत होती. गुडघ्यात कळ आली म्हणून मी कठडा धरायला तिचं मनगट सोडलं.

भिंतीतून दोन ठोके आले. हलके, पेरांचे.

भिंगरीचं बोलणं थांबलंही नाही. हात आपोआप उठला आणि तिने भिंतीवर दोनदा ठोकलं.

मग ती थांबली. हाताकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"आजोबा..."

मी तिला ओढून घट्ट धरलं. दुसरा हात खिशात घातला. पेटीची किल्ली तिथेच होती. भिंतीपलीकडे रोप ताणल्याचा आवाज झाला, आणि खालून केबिन सावकाश वर यायला लागली.