मी तडस लिहिलं

वनखात्यात इतकी वर्षं काढली, पण रजिस्टरात खोटं एकदाच लिहिलं. तेच सांगून राहिलो, ऐका.

सत्त्याण्णवचा वैशाख. पुसेगावच्या अलीकडं रानात जनावरांची गणती चालू होती. संध्याकाळी पाणवठ्याची वाट झाडून धूळ सारखी करायची, अन् सकाळी तिच्यावरचे ठसे वाचायचे. वाचणारा तांड्यातला म्हातारा धर्मसिंगकाका. मी वनरक्षक, नुसता लिहिणारा.

त्या सकाळी ठसे तांड्याकडं गेलेले. काका उकिडवा बसला.

"साहेब, बिबट्या हाय."

"तडस असंल," मी म्हणालो.

"तडसाचं नख उमटते. इथं न्हाई. बिबट्याच लिहा. लोक बाहेर निजतात. माझं कोण ऐकते? तुमचा कागद ऐकतील."

म्हातारा बराबर बोलत होता. पण बिबट्या लिहिला की पिंजरा आला, गस्त आली, अन् माझी रजा गेली. सासरवाडीला जायची घाई होती मला, नालायकाला. मी तडस लिहिलं. वर तांड्यात जाऊन सांगितलं बी, बिनघोर झोपा म्हणून.

चौथ्या दिवशी सासरवाडीत निरोप आला. सगळा तांडा झोपला होता, काका एकटाच राखण करत बसलेला. बिबट्यानं त्यालाच नेलं.

पुढच्या वैशाखात तीच वाट मी झाडली. सकाळी बघतो तर बिबट्या सरळ तांड्याकडं निघालेला, अन् मधूनच माघारी फिरलेला. जिथून फिरला तिथं माणसाची अनवाणी दोन पावलं. टाचा तांड्याकडं, बोटं जनावराकडं. येतानाचं पाऊल न्हाई, जातानाचं न्हाई... नुसतं उभं राहिलेलं.

तसाच काकाच्या बायकोच्या, जमनाबाईच्या दारात गेलो. सगळं कबूल केलं, माफी मागितली.

तिनं चुलीवरून मान वर केली न्हाई. "मले ठाव हाय. ते रोज पहाटे येऊन सांगतात. तुमाले निरोप हाय..."

"काय?"

"आता तरी लिहा म्हणाले. आज दोन येणार हायेत. एकट्यानं अडवणं होऊन न्हाई राहिलं..."

मी तिथंच बसून लिहिलं, बिबटे दोन, अन् तांड्याला वाचून दाखवलं. ठसे मी एकाचेच पाहिले होते.

त्या रात्री तांडा दारं लावून आत निजला. सकाळी दारादारापुढं दोन बिबट्यांचे ठसे निघाले. काकाची पावलं कुठंच न्हवती. माझ्या एका ओळीसाठी म्हातारा वर्षभर तिथं उभा होता.